खाली चार बोटं जागा

फ्लेक्स आलं, आणि माझा ब्रश
रॉकेलच्या डब्यात उभ्या उभ्या वाळला.
सात वर्षं मी दुकानांच्या पाट्या सोडून
पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली.
मग ह्या मॅडम आल्या सेलूला, मुख्याधिकारी,
रेवती पांचाळ.
पहिल्याच आठवड्यात शिपाई दारात:
गौस पेंटर कोण? बोलावलंय.

नगरपालिकेच्या भिंतीवर एक फळा होता,
त्यावर सहा महिन्यांपूर्वीची जयंती अजून चालू होती.
म्हणाल्या, रोज सकाळी सातला
गावाला गावाचं सांगायचं.
‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ हे नको,
त्यात अर्धा फळा जातो आणि कळत काहीच नाही.
लिहा: पाणी. कुठं. कधी. किती वेळ.
आणि खाली चार बोटं जागा सोडा.
कशाला, ते मी विचारलं नाही.
बिलात चार बोटं कापतील, एवढंच भ्या वाटलं.

तेली गल्ली, पहाटे पाच, पाऊण तास.
मोंढ्याची डीपी जळाली, वायरमन निघालाय.
कुत्र्यांच्या सुया मंगळवारी,
कुत्रं धरून आणणं ज्याचं त्यानं.
उर्दू शाळेपुढच्या नालीवर ढापा बसला.
एकदा ‘पाणी’ची वेलांटी बघून म्हणाल्या,
एवढी मोठी कशाला?
म्हणलं, आठ दिवसांनी येतं मॅडम,
थोडं सजवू द्या.

रस्त्याला पैसे किती आले, किती गेले,
हे लिहिताना खडू दोनदा तुटला.
ठेकेदार गुट्टे समोरच्या हॉटेलात वाचत होता.
बशीतला चहा बशीतच निवला.

मग तो शुक्रवार.
आदल्या दिवशी मीच लिहिलेलं,
हायस्कूलच्या मागं, पहाटे चार.
साडेतीनपासून घागरी रांगेत.
चारला नळातून निस्ती हवा,
शिट्टी वाजवत.
दुधनेवरचा पंप रात्रीच बसला होता.

सातला मी ओलं फडकं घेऊन फळ्यापुढं.
पुसलं की संपलं,
आजवरच्या सगळ्या साहेबांनी हेच केलेलं.
मॅडम जिना उतरून आल्या, केस न विंचरता.
माझ्या हातातून खडू घेतला,
कालच्या ओळीला हात लावला नाही.
त्या चार बोटांत, फायलीतल्या बारक्या अक्षरात लिहिलं:
हे चुकलं.
पंप रात्री अकराला बंद पडला.
मला फोन आला होता, मी झोपेत होते.
टँकर नऊला.

सरूबाई डाके, रिकामी घागर काखेत तशीच.
“गौस, काय लिवलंय?”
वाचलं.
“परत वाच.”
परत वाचलं.
“झोप लागली म्हणती?”
“हाव.”
ती जराशी थांबली.
“नऊ म्हणजे साडेदहा.
भाकरी टाकून येते.”

टँकर नऊ वीसला आला.
ते मी लिहिलं नाही,
कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं ती जागा कधी कधीच लागायची.
घरपट्टीची तारीख चुकली, एकदा.
एका मेलेल्या माणसाचं नाव थकबाकीत आलं,
तेव्हा त्याच्या पोराच्या घरी स्वतः गेल्या, आणि मग लिहिलं.
बाकीच्या दिवशी चार बोटं नुसती काळी.
लोक आधी तिथं बघायचे,
काही नसलं की वर.

मार्चात बदलीचा कागद आला.
म्हणाल्या, लिहा. कुठं लिहू?
घरपट्टीच्या मुदतीखाली,
हरवलेल्या शेळीच्या वर.
शेळी सापडली. तेही लिहिलं.

नवे साहेब चांगले आहेत, हसून बोलतात.
गेटावर फ्लेक्स लागलं,
त्यात साहेब हात जोडून उभे,
पाण्याची वेळ त्यांच्या बुटांपाशी.
फळा अजून आहे. मीही आहे.
परवा गाडीतून उतरता उतरता म्हणाले,
पेंटर, खालची जागा वाया का घालवता?

म्हणलं, साहेब,
तिथं फळा खराब आहे.
खडू धरत नाही.